साठ ते बहात्तर पिनांची कुस्ती

लोहा गावच्या लग्नात जेवणं चालू असताना शिवकन्याबाईंनी तो किस्सा पुन्हा सांगितला आणि त्यांच्या नवऱ्यानं, दयानंदराव बिराजदारांनी, हातातला घास परत ताटात ठेवला. लग्न कोणाचंही असो, मांडव कुठलाही असो, ताकाच्या सुमाराला कोणीतरी म्हणायचंच, "शिवकन्ये, ती कुस्तीची गंमत सांग की." आणि ती सांगायची. नवऱ्याच्या अब्रूचे पंचनामे सगळ्याच बायका करतात, पण बहुतेकींना दर वेळी नवा मुद्दा शोधावा लागतो. शिवकन्याबाईंना लग्नाआधीपासूनच एक मुद्दा मिळालेला होता आणि तो त्यांना आयुष्यभर पुरणार होता.

किस्सा असा. भूकंपानंतर किल्लारीची माणसं पत्र्याच्या शेडात राहायला गेली, त्या काळातला. मोठी माणसं गेलेल्यांसाठी रडून थकली होती आणि पोरं छताखाली यायला तयार नव्हती. दगडामातीची घरं अंगावर पडलेली बघितल्यावर पत्र्यावर तरी कोण विश्वास ठेवील? थंडीतसुद्धा ती बाहेर बाजा टाकून झोपायची. तेव्हा दयानंदरावांचे नांदेडचे अमृतमामा एक व्हिडिओ गेम घेऊन आले आणि शेडातल्या टीव्हीला जोडून बसले. समजावून, रागावून, मिठाई दाखवून जे जमलं नव्हतं ते त्या खेळानं केलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या रांगेतली पोरं पत्र्याखाली मांडी घालून बसली होती.

कॅसेट होती कुस्तीची. एक लाल पहिलवान, एक निळा, आणि मोजणी करणारा ढेरपोट्या पंच. लाल चालवत होता कॉलेजात जाणारा दयानंद, निळा चालवत होती शेजारच्या रांगेतली शिवकन्या. लाल चीत झाला. पंचानं मोजायला घेतलं, एक झालं, दोन झालं, आणि खालची जमीन हलली. धक्का तसा बारीकच होता, पण सगळे उठून पळाले, टीव्ही तोंडावर पडला, आणि तीन झालं की नाही हा प्रश्न तेव्हापासून प्रलंबित राहिला. पुढं या दोघांचं लग्न झालं तरी निकाल लागला नाही.

"तीन झालं होतं," शिवकन्याबाई पंगतीला सांगत होत्या. "माझ्या डोळ्यानं बघितलं. ह्यांचा पहिलवान चीत पडलेला अन् हे त्याला तिथंच टाकून भाईर."

पंगत हसली. दयानंदराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. पुराव्याशिवाय एक रेघ ओढायची नाही ही त्यांची ख्याती होती, निदान त्यांच्या स्वतःच्या मते. ते म्हणाले, "तीनची नोंद कुठंय? दोनपर्यंत मी मान्य करतो."

म्हाताऱ्या अमृतमामांनी ताक खाली ठेवलं. "ती कॅसेट माझ्या माळ्यावर हाय की रं अजून. लावा एकदा अन् मिटवा हे लचांड. आम्ही बी लई वर्षं ऐकून राहिलोत."

"लावतो," दयानंदराव भर मांडवात म्हणाले. "पुढच्या लग्नाच्या आत निकाल लावतो." माणसानं भरल्या पोटी शपथ घेऊ नये, पण तिथं त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

नांदेडला मामांच्या माळ्यावर कॅसेट खरोखरच धडधाकट निघाली. खेळाच्या डब्यात मात्र उंदरांचा संसार होऊन गेला होता. तारा गेल्या होत्या, बटणं गेली होती, फक्त कॅसेट खोचायची खाच तेवढी उंदरांना आवडली नव्हती. मामांनी ते सगळं पिशवीत घालून दयानंदरावांना इतवारा बाजारात चांदपाशाच्या दुकानी नेलं. चांदपाशा टीव्ही, मिक्सर आणि लोकांच्या तक्रारी दुरुस्त करायचा. त्याच्या शोकेसमध्ये त्याच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेला एक जुना गेमचा डबा होता, चालू स्थितीत, दोन रिमोटांसकट. दयानंदरावांनी कॅसेट त्यात घातली. ती जाईना.

"जोर नका लावू, साहेब," चांदपाशा म्हणाला. "तुमच्या कॅसेटला पिना साठ. माझ्या डब्याचं तोंड बहात्तरचं. मधी एक पट्टी पायजे. खालून बहात्तर, वरून साठ. ही उंदरानं सोडलेली खाच वर बसवू. कोणती पिन कुठं जाती ते मी काढून देतो, पण पट्टी करायची कुणी?"

"करायची म्हणजे काय करायचं?"

"तांब्याच्या पत्र्यावर रेषा काढायच्या. एक रेष दुसरीला लागली न्हाई पायजे. बाकीचं तांबं औषधानं खाऊन टाकायचं."

रेषा हा शब्द ऐकून दयानंदराव ताठ बसले. मुलगी तनुजा हिनं फोनवर शोधून सांगितलं होतं की असली पट्टी तयार मिळते, परदेशातून घरपोच येते. पण ज्या माणसानं मुख्य कालव्यापासून शेवटच्या चारीपर्यंत नकाशे काढले, त्यानं बोटभर पट्टी विकत आणायची? त्यांनी चांदपाशाकडून तो दुबईचा डबा, मामांची खाच, पिनांची यादी, तांब्याचा पत्रा आणि सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेलं तपकिरी औषध घेतलं आणि लातूरची बस धरली.

लातुरात ते ज्या गल्लीत राहत, ती क्लासवाल्यांची गल्ली. वरच्या मजल्यांवर खोल्या, खोल्यांत पोरं, पोरांसोबत शिरूर अनंतपाळहून, औराद शहाजानीहून आलेले आईबाप. या गल्लीत भाजीवाला ओरडत नसे. तो गाडी उभी करून वर बघत राही आणि बायका गॅलरीतून बोटांनी अर्धा किलो, पाव किलो दाखवत. कुकरच्या शिट्ट्या क्लास सुटायच्या आत उरकाव्या लागत. घरातलं मूल अकरावीत गेलं की टीव्हीवर चादर पडायची ती बारावीचा निकाल लागेपर्यंत. बिराजदारांच्या टीव्हीवर शिवकन्याबाईंची जुनी इरकल होती. तिला काठ होता, त्यामुळे येणारा-जाणारा देव्हारा समजून आधी हात जोडायचा आणि मग आत काय आहे ते विचारायचा.

अशा घरात दयानंदरावांनी गेमची पट्टी काढायला घेतली. काम त्यांना वाटलं त्याहून ओळखीचं निघालं. पाणी इथून येणार, तिथं जाणार, वाटेत एका कालव्यानं दुसऱ्यात घुसायचं नाही. जिथं ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं तिथं त्यांनी जलसेतू टाकले, म्हणजे वरून तारेचा तुकडा. वळणं गोल ठेवली, कारण काटकोनात काठ ढासळतो. कोपऱ्यात चौकट आखून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संकल्पचित्र, साठ ते बहात्तर पिन जोडपट्टी, प्रमाण एकास एक.' शेवटी उत्तर दिशेचा बाणही काढला.

"पट्टीला उत्तर कशाला पायजे?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"नकाशाला दिशा लागते."

"अन् दक्षिणेकडं तोंड करून लावली तर पहिलवान जेवायचे न्हाईत का?"

दयानंदरावांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तांत्रिक बाबींवर घरात चर्चा करायची नाही हे त्यांचं जुनं धोरण होतं.

आता रेषा कागदावरून तांब्यावर जायच्या होत्या. त्याची रीत अशी की नकाशाची झेरॉक्स गुळगुळीत कागदावर काढायची, ती तांब्यावर पालथी ठेवून वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे काळी शाई तांब्याला चिकटते. कोपऱ्यावर संगप्पाचं झेरॉक्सचं दुकान होतं. संगप्पानं कागद घेतला, बारीक रेषा बघितल्या, आणि काही न विचारता तेच केलं जे तो दिवसभर करायचा. त्यानं मायक्रो काढली. या गल्लीत कोणी नोट्स आहे त्या आकारात काढतच नाही, चार पानं एका पानात बसवतात. संगप्पाचा हात आता दुसऱ्या मापावर जातच नव्हता.

"चार बसवल्यात एका पानावर," तो म्हणाला. "दुसरीकडं एकच दिली असती."

तीन प्रती फुकट मिळाल्याच्या आनंदात दयानंदरावांनी पट्टी मोजली नाही. आयुष्यभर इतरांच्या मोजमापांत चुका काढलेल्या या माणसानं एकदा फूटपट्टी लावली असती तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण कोपऱ्यात प्रमाण एकास एक असं लिहिलेलं होतं, आणि दयानंदरावांचा लिहिलेल्यावर फार विश्वास होता.

इस्त्री त्यांनी मन लावून केली. कागद थोडा सरकला, शाई इस्त्रीच्या तळाला लागली, ती पुसायची राहिली. सकाळी त्याच इस्त्रीखालून तनुजाचा क्लासचा पांढरा कुर्ता निघाला आणि डाव्या कालव्याची पूर्ण वितरण व्यवस्था तिच्या पाठीवर उमटली. ती घाईत तशीच गेली. फिजिक्सच्या सरांनी तिला फळ्याजवळ उभं केलं आणि वर्गाला पाठीवरच्या परिपथाचा रोध काढायला लावला. कोणालाच आला नाही. तनुजा घरी आली आणि बापाला सोडून जेवायला वेगळी बसली.

औषधाचं काम गॅलरीत झालं. प्लॅस्टिकच्या डब्यात तपकिरी औषध ओतायचं, त्यात पट्टी सोडायची आणि डबा हळूहळू हलवत राहायचं. तांबं विरघळलं की पट्टी भरपूर पाण्यानं धुवायची. भरपूर हा शब्द लातुरात जपून वापरावा लागतो. नळ आठवड्यानं येणारा, आणि दयानंदरावांनी धुण्यासाठी उचललेली बादली शिवकन्याबाईंनी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. त्या नुसत्या बादलीकडं बघत राहिल्या. एवढं करून निघालेली पट्टी उन्हात धरली तेव्हा ती आगपेटीपेक्षा जरा मोठी होती. मामांची खाच तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होती.

"सुबक झाली," शिवकन्याबाई म्हणाल्या. "बाहुलीच्या घरात बसंल."

इकडं गल्लीत वेगळंच शिजत होतं. समोरच्या घरात बसलिंगप्पा राहत. निलंग्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक, नातवाला डॉक्टर करायला इथं आलेले, आणि गल्लीच्या पालक शांतता समितीचे अध्यक्ष. त्यांना आपल्या गॅलरीतून एवढंच दिसलं होतं की बिराजदार रोज संध्याकाळी बाटलीतून काहीतरी तपकिरी ओततात, डबा हातात धरून हलवतात, त्यात टक लावून बघतात आणि मधूनच स्वतःशी हसतात. समितीनं त्यांना बोलावणं पाठवलं. सभा बसलिंगप्पांच्या घराखाली, स्कूटर लावायच्या जागेत भरली.

"बिराजदार, तुमी सभ्य माणूस," बसलिंगप्पा म्हणाले. "पण घरात अकरावीची पोरगी हाय. हे बाटलीचं काय चालवलंय?"

"ते औषध आहे. तांब्याचं."

"पोटात तांबं कमी झालंय का तुमच्या?" एका पालकानं कळवळ्यानं विचारलं. "रात्री तांब्यात पाणी ठिवून सकाळी पीत जावा. बाटली कशाला?"

मग दयानंदरावांना सगळं सांगावं लागलं. गेम हा शब्द उच्चारताच समितीत अशी शांतता पसरली की समिती स्थापन केल्याचं सार्थक झालं. एक पालक उठून फाटक लावून आला, म्हणजे शब्द वरच्या मजल्यावर जाऊ नये.

"अय्यो," बसलिंगप्पा म्हणाले. "अहो, या गल्लीत लोकांनी क्रिकेट सोडलं. बातम्या सोडल्या. अन् तुमी घरात गेम बनवून राहिलात?"

"गेम नाही. जोडपट्टी. एक प्रकारचा प्रोजेक्ट आहे," दयानंदराव म्हणाले, आणि आपल्या बचावासाठी त्यांनी कुस्तीचा किस्सा सांगितला. शेडापासून दोनच्या मोजणीपर्यंत. तिथं ते थांबले.

समितीची माणसं खुर्च्या पुढं ओढून बसली. त्यांतले निम्मे त्याच भागातले होते, शेडात राहून आलेले.

"तीन झालं होतं का पण?" बसलिंगप्पांनी विचारलं.

इथून गल्ली हाताबाहेर गेली. समितीत लाल आणि निळा असे दोन गट पडले. निळ्या गटाचं म्हणणं, पंचानं हात उचलला की मोजणी पुरी धरायची. लाल गटाचं म्हणणं, नैसर्गिक आपत्तीत सामना रद्द धरायचा. सभेनं ठराव केला की प्रकल्प गल्लीच्या देखरेखीखाली लवकरात लवकर पूर्ण करावा, मात्र मुलांना कळू देऊ नये. मुलांना त्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, पट्टीला हळद लावा, शाई धरते. कोणी म्हणालं, पुतण्या पुण्यात आहे, त्याला विचारतो, आणि पुतण्याचं पॅकेज सांगून गेलं. भाजीवाल्यानंही गाडी उभी करून बोटांनी विचारलं, झालं का.

दुसरी पट्टी दयानंदरावांनी संगप्पाच्या डोक्यावर उभं राहून मापात काढून घेतली. संगप्पा एवढंच म्हणाला, "कागद पालथा ठिवून इस्त्री करणार ना, साहेब? मग उलटी काढून देऊ का? न्हाईतर डावं उजवीकडं जाईल."

दयानंदरावांचा चेहरा पडला. उलटा नकाशा. त्यांच्या टेबलावरून आजवर एकही नकाशा उलटा सहीला गेला नव्हता. उत्तर दिशा खाली आणि अक्षरं आरशात बघितल्यासारखी, असला कागद हातात धरायची कल्पनाही त्यांना सोसवेना. "सरळच काढा," ते म्हणाले.

पट्टी झाली, मापात झाली, आणि अर्थातच तिचं डावं उजवीकडं गेलं. चांदपाशा खास नांदेडहून खाच बसवायला आला. येताना एका गणेश मंडळाचा मोठा स्पीकर घेऊन आला, कारण कुस्ती अंगात भिनली पाहिजे असं त्याचं मत होतं. त्यानं खाच पट्टीवर डाग देऊन बसवली. दुपारची वेळ होती, गल्ली पेंगत होती, समितीची चार-पाच माणसं खोलीत दाटीवाटीनं बसली होती. इरकल बाजूला झाली. दयानंदरावांनी कॅसेट खोचली आणि बटण दाबलं.

पहिलवान आले नाहीत. स्पीकरमधून एक आवाज आला, खालचा, जाडा, न थांबणारा, आणि फरशी थरथरायला लागली.

आमच्या भागात अजूनही बऱ्याच घरांत फळीवर तांब्या, तांब्यावर उपडा पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड रचून ठेवतात. जमीन हलली की ती पडते, पडली की माणसानं विचार न करता बाहेर पळायचं. शिवकन्याबाईंच्या स्वयंपाकघरातली उतरंड पडली. त्या खणखणाटानं शेजारची माणसं ओरडत उठली, त्यांच्या ओरडण्यानं पलीकडची उठली, आणि बघता बघता अख्खी गल्ली रस्त्यावर आली. वरच्या मजल्यांवरून पोरं पुस्तकं हातात घेऊन उतरली. वर्षभर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना अभ्यास करणारी पोरं पहिल्यांदा एकमेकांची तोंडं बघत होती. बसलिंगप्पा उघड्या अंगानं नातवाला छातीशी धरून उभे होते.

चांदपाशानं स्पीकरची वायर उपटली तेव्हा कळलं की भूकंप झालाच नाही. काही जण हसले, काही जणांनी दयानंदरावांना चार शब्द सुनावले, पण पुष्कळ जण नुसतेच उभे राहिले. दयानंदरावांना आपली लाज वाटली. विनोद म्हणूनसुद्धा हे करायला नको होतं, आणि विनोद म्हणून तर त्यांनी केलंही नव्हतं.

शिवकन्याबाई तनुजाचं मनगट धरून गटारीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पोरगी म्हणाली, आई, दुखतंय, तरी सोडलं नाही. दयानंदराव समोर जाऊन उभे राहिले.

"बंद करतो हे सगळं," ते म्हणाले. "डबा देऊन टाकतो चांदभाईला."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता अर्धवट ठिवायचं न्हाई. त्या दिवशी बी सगळं अर्धवटच टाकून पळालो होतो आपुन. पट्टी पुरी करा."

तिसऱ्या वेळी दयानंदरावांनी नकाशा उलटा काढला. संगप्पाकडून कागद घेताना त्यांनी डोळे दुसरीकडं वळवले. त्या एका नकाशावर त्यांनी सही केली नाही.

सामना रविवारी सकाळी ठरला. रविवारी क्लासची टेस्ट असते, गल्लीतली झाडून सगळी पोरं परीक्षा केंद्रात असतात आणि आईबापांना काय करावं ते सुचत नसतं. बिराजदारांच्या पुढच्या खोलीत मुंगीला जागा उरली नाही. स्पीकर आणायचा नाही अशी समितीनं चांदपाशाला लेखी ताकीद दिली होती. कॅसेट पट्टीत गेली, पट्टी डब्यात गेली, बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल-निळे पहिलवान मांड्या थोपटत उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एक सुरकुती आली नव्हती. खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर आल्या होत्या.

शिवकन्याबाईंनी पदर खोचला आणि रिमोट हातात घेतला. सुरुवातीलाच त्यांनी लालला उचलून आपटलं. निळा गट घुमला. दयानंदरावांचे अंगठे घामानं घसरत होते. लाल उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. मग केव्हातरी, कसं ते दयानंदरावांनाही सांगता आलं नसतं, लालनं निळ्याची कंबर धरली आणि त्याला मागं फेकला. निळा चीत. ढेरपोट्या पंच आला. एक. दोन. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं. तीन झालं आणि घंटा वाजली.

शिवकन्याबाई जीव तोडून खेळून हरल्या होत्या, यात शंकाच नव्हती. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. "बरं, जिंकलात," त्या म्हणाल्या. "उठा आता सगळे. कुकर लावायचाय, पोरगी येईल टेस्टवरून."

दयानंदरावांनी तो आठवडा मोठ्या मजेत घालवला. बसलिंगप्पांनी गॅलरीतून नमस्कार केला. ऑफिसात त्यांनी कोणी न विचारता तीन वेळा सांगितलं. पट्टी खिशात घालून ते फिरत होते आणि बोलता बोलता ती बाहेर काढत होते.

मग अमृतमामांच्या नातीचा साखरपुडा आला. नांदेडला मंगल कार्यालय, पंगत बसली, चांदपाशाही आलेला. ताकाच्या सुमाराला मामांच्या सुनेनं नेहमीसारखं विचारलं, "शिवकन्याताई, ती कुस्तीची गंमत सांगा की मुलाकडच्या पाहुण्यांना."

दयानंदराव सावरून बसले. हीच ती घटका.

"त्यात आता काय सांगायचं," शिवकन्याबाई म्हणाल्या. "परत खेळलो. हेच जिंकले."

"असं का," सून म्हणाली, आणि पुढं वाढायला गेली. पाहुणे मठ्ठ्याकडं वळले. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलं नाही. शेजारी बसलेल्या किल्लारीच्या एका म्हातारीनं बोलायचं म्हणून विचारलं, "त्या साली तुझा धाकटा भाऊ गेला न्हवं गं? काय नाव त्याचं?"

"रामकिशन," शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि ताटाकडं बघत राहिल्या.

तेव्हा दयानंदरावांना कळलं. त्या वर्षातलं हसून सांगता येईल असं तिच्याकडं एवढंच होतं. लोक त्या वर्षाचा विषय काढायचे आणि ती त्यांना कुस्ती सांगायची. आपण चांगल्या मापातली, निर्दोष पट्टी काढून ते तिच्याकडून काढून घेतलं, आणि आता तिच्याकडं त्या वर्षातलं फक्त रडायचं तेवढं राहिलं.

"खोटं सांगून राहिली ही," ते मोठ्यानं म्हणाले. पंगत वळली. "पट्टी मी काढली होती ना? निळ्याचं लाथेचं बटण मी जोडलंच नव्हतं. मुद्दाम सोडलं."

जोडपट्टीतून फक्त कॅसेट डब्याला लागते. बटणांची वायर रिमोटातून थेट डब्यात जाते, पट्टीशी तिचा काडीचा संबंध नसतो. हे त्या कार्यालयात फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला दुसरा समोरच्या पंगतीत बसून पान लावत होता. दयानंदरावांनी त्याच्याकडं बघितलं. ज्या माणसानं आयुष्यात चुकीची रेघ ओढली नाही, तो भर पंगतीत लबाडीची रेघ ओढल्याचं कबूल करत होता, तीही न ओढलेली.

चांदपाशानं पान तोंडात घातलं, शांतपणे चावलं. "हाव," तो म्हणाला. "मी बी बघितलं होतं. म्हणलं, नवरा-बायकोचा मामला, आपण कशाला बोला."

शिवकन्याबाईंनी मान वर केली. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग चांदपाशाकडं, मग पुन्हा नवऱ्याकडं, जरा जास्त वेळ. मग त्यांनी ताट पुढं सारलं आणि पाहुण्यांकडं वळून ऐसपैस बसल्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "माझा पहिलवान लाथच मारीना. ऐका आता, पहिल्यापासून सांगते."